पोर्टल सरकारचे, ओटीपी एजंटाचा, दुकान मात्र आपले

"सरकारी काम अन् सहा महिने थांब" ही म्हण आता मोडीत निघाली, असे सरकार सांगते. परवाना हवा, नोंदणी हवी, कर भरायचा, थकलेल्या पैशाची तक्रार करायची, तर आता कचेरीचे उंबरठे झिजवायला नकोत. सगळे संगणकावर बसल्या जागी होते. व्यापारी, कारखानदार, अडते, शेतकरी या सर्वांना एका जाळ्यात आणून सेवा घरपोच देऊ, असे केंद्र आणि राज्य दोन्ही सरकारे म्हणतात. एकत्र आंध्र असताना २००१ साली हैदराबादेत ई-सेवा आली, २०११ मध्ये मी-सेवा आली. २०१४ ला तेलंगण झाले आणि त्याच वर्षी उद्योगांना मंजुरी देणारा आयपासचा कायदा झाला. मोठ्या प्रकल्पाला १५ दिवसांत, इतरांना ३० दिवसांत उत्तर, आणि मुदतीत उत्तर आले नाही तर मंजुरी मिळालीच असे समजायचे, अशी त्यात सोय आहे. केंद्राने २०१६ ला शेतमालाचा ई-नाम बाजार आणला, २०१७ ला जीएसटी, २०२० ला उद्यम नोंदणी. यादी आणखी लांबवता येईल.

या व्यवस्थेला आमचा विरोध नाही, हे प्रथमच स्पष्ट करतो. टेबलाखालून पाकीट सरकवल्याशिवाय कागद पुढे न सरकण्याचा काळ आपण सर्वांनी पाहिला आहे. तो काळ परत यावा असे कोणाला वाटेल? आमचे म्हणणे वेगळे आहे. बासर, मुधोळ, भैंसा, कुभीर, तानूर या पट्ट्यातील मराठी दुकानदारासाठी जुना कारकून गेला आणि त्याच्या जागी नवा एजंट येऊन बसला. जुन्या कारकुनाला निदान आपली बोली कळत होती. नव्याच्या हाती तर आपले आधार, आपला पॅन आणि आपला मोबाईलसुद्धा आहे.

तेलुगूत 'मी' म्हणजे 'तुमची', म्हणून मी-सेवा म्हणजे तुमची सेवा. मराठीत 'मी' म्हणजे स्वतः. आपल्या माणसाने मराठी अर्थ धरला असता तर बरे झाले असते, स्वतःची सेवा स्वतः केली असती! पण घडते उलटे. देवळाच्या रस्त्यावर पाटी-पेन्सिल, हळद-कुंकू, प्रसाद, फोटो विकणारा आपला माणूस एजंटाच्या खुर्चीसमोर उभा राहतो, मोबाईल त्याच्या हातात देतो, "तूच बघ काय ते" म्हणतो आणि बाहेर चहा प्यायला जातो. फॉर्ममध्ये धंदा कोणता लिहिला, पत्ता कोणता टाकला, ईमेल कोणाचा दिला, हे त्याला ठाऊक नसते. वर्षभराने काही दुरुस्ती करायची वेळ आली की ईमेल एजंटाचा निघतो, पासवर्ड एजंटाचा निघतो, आणि एजंट दुकान बंद करून हैदराबादला गेलेला असतो.

उद्यम नोंदणीचेच उदाहरण घ्या. १ जुलै २०२० पासून ती सुरू आहे. तिला एक पैसा लागत नाही, कागद चढवावे लागत नाहीत. आधार आणि पॅन असला की पुरे. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादाही वाढल्या आहेत. यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटींपर्यंत उलाढाल असेल तो सूक्ष्म उद्योग. म्हणजे आपल्या भागातले बहुतेक सगळेच त्यात बसतात. ज्याच्याकडे जीएसटी नंबर नाही अशा अगदी लहान धंद्यासाठी जानेवारी २०२३ पासून उद्यम असिस्टची वेगळी वाट आहे. असे असताना या फुकटच्या नोंदणीसाठी लोक पैसे मोजतात. सरकारी वाटावे असे नाव आणि बोधचिन्ह लावून शुल्क उकळणारी खाजगी संकेतस्थळे आहेत, त्यांच्यापासून सावध राहा असे खुद्द मंत्रालयाला सांगावे लागले आहे. सरकारी पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' असते, एवढे लक्षात ठेवले तरी अर्धा घोटाळा टळेल.

आता यातली बारीक गोष्ट, जी एजंट सांगत नाही, कारण बहुधा त्यालाही माहीत नसते. किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना २ जुलै २०२१ च्या आदेशाने उद्यममध्ये घेतले खरे, पण लाभ दिला तो फक्त बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरता. जो स्वतः माल तयार करतो त्याला मात्र आणखी मोठे हत्यार मिळते. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे चुकते केले पाहिजेत. नाही केले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज. त्याची तक्रार ऑक्टोबर २०१७ पासून समाधान पोर्टलवर करता येते आणि ती राज्याच्या परिषदेकडे जाते. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकरातही गाठ मारली. अशा उद्योगाचे पैसे मुदतीत न देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा दाखवता येत नाही.

याचा अर्थ काय? हळद दळणारा, मसाला करणारा, तेलाची घाणी चालवणारा, पापड-शेवया विकणारा आपला माणूस 'उत्पादक' म्हणून नोंदला गेला पाहिजे. एजंटाने घाईत 'व्यापार' असा रकाना भरला तर ४५ दिवसांचे हत्यार हातचे गेलेच म्हणून समजा. हैदराबादच्या मोठ्या खरेदीदाराने सहा सहा महिने पैसे थकवले तरी समाधानचे दार त्याच्यासाठी उघडणार नाही. आणि नोंदणी आधी, माल नंतर, हा क्रम पाळलेला बरा. नंतर घेतलेली नोंदणी आधी दिलेल्या मालाला लागू होते काय, यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेलेले आहेत. एका रकान्याची ही किंमत आहे. आणि तो रकाना इंग्रजीत आहे, फार तर हिंदीत.

जीएसटीचे पाहा. आपले गाव सीमेवरचे. रेल्वेचे पुढचे स्टेशन धर्माबाद, ते महाराष्ट्रात. मिरचीचा बाजार तिकडे, आपले नातेवाईक तिकडे, निम्मे गिऱ्हाईक तिकडचे. महाराष्ट्रात मालाच्या दुकानदाराला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. तेलंगणाने मात्र २०१९ मध्ये ही वाढीव मर्यादा घेतली नाही, इथे ती २० लाखच राहिली. मेव्हण्याचे दुकान धर्माबादेत, आपले बासरला. दोघांचा गल्ला सारखा, पण एकाला नोंदणी लागते, दुसऱ्याला नाही. बरे, गिऱ्हाईक दुकानात येऊन माल घेऊन गेले तर ती इथलीच विक्री. पण आपण टेम्पो करून धर्माबादला माल पोहोचवला की ती आंतरराज्य विक्री झाली, आणि करपात्र मालाच्या आंतरराज्य विक्रीला २० लाखांची सूट लागू होत नाही. ज्याने एकरकमी कराची योजना घेतली आहे, त्याला तर दुसऱ्या राज्यात माल पाठवताच येत नाही. पन्नास हजारांवरचा माल निघाला की ई-वे बिल हवेच. पिढ्यान्‌पिढ्या आपले आजोबा बैलगाडीने ज्या रस्त्याने माल नेत होते, त्या रस्त्यावर आज कायद्याच्या तीन पाट्या आहेत. त्या वाचता न येणाऱ्याला दंडाची नोटीसही संगणकावरच येते आणि ती त्याला दिसतही नाही. नोटीस जाते एजंटाच्या ईमेलवर.

नावांचा गोंधळ ही तर आपल्या समाजाची खास डोकेदुखी. आपल्याकडे आधी स्वतःचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव. तेलुगू रीतीत घराण्याचे नाव आधी, तेही बहुधा एका अक्षराचे. त्यामुळे विठ्ठलराव हे एका शब्दाचे नाव आधारवर 'विठ्ठल राव' असे दोन शब्दांत फुटते, आडनाव पुढे जाते किंवा एका अक्षरापुरते उरते. पॅन कार्ड नांदेडच्या सीएने काढून दिलेले असेल तर त्यावर आडनाव शेवटी आणि वडिलांचे नाव मध्ये. बँकेचे पासबुक तिसऱ्याच तऱ्हेचे. माणूस समोर बसला असता तर तहसीलदाराने ओळखले असते की हा तोच. संगणक ओळखत नाही. त्याला अक्षर न् अक्षर जुळावे लागते.

आपल्या लेकी-सुनांची अडचण याहून अवघड. सीमाभागात सोयरिकी दोन्हीकडे होतात. बिलोली, देगलूर, उमरीकडची मुलगी सून होऊन बासरला येते. तिचे आधार माहेरच्या पत्त्याचे, माहेरच्या आडनावाचे, आणि त्याला जोडलेला मोबाईल वडिलांचा किंवा भावाचा. शिलाईचे दुकान काढायचे, पापडाचा धंदा करायचा, महिला उद्योजक म्हणून कर्ज मागायचे, तर ओटीपी जातो देगलूरला! भाऊ शेतात असतो, फोन घरी असतो, दहा मिनिटांत ओटीपी संपतो. मग घरची माणसे म्हणतात, "जाऊ दे, नवऱ्याच्या नावानेच कर." अशा रीतीने बायकांचे धंदे पुरुषांच्या नावावर जातात. यात कोणाची दुष्ट बुद्धी नाही, पण नुकसान मात्र पक्के आहे. लग्नानंतरच्या कामांत आता आधारचा पत्ता आणि मोबाईल बदलणे हेही एक काम धरावे, सत्यनारायणाच्या पूजेआधी नाही तर पूजेनंतर तरी.

जुन्या घराण्यांची आणखी एक खोड. दुकान आजोबांच्या नावाचे, वीज मीटर पणजोबांच्या नावाचे, घरपट्टी थोरल्या काकांच्या नावाची, आणि धंदा करतात तिघे पुतणे. जोवर सगळे तोंडी होते तोवर हे चालले. आमच्यात वाटण्या झाल्या नाहीत, हे आपण अभिमानाने सांगतो. पण संगणकाला एकत्र कुटुंबाचे प्रेम समजत नाही, त्याला कर्त्याचे आधार लागते. कर्ता वारला असेल तर वारसाची नोंद लागते. हे काम तेलुगूचे नाही आणि मराठीचेही नाही. ते आपल्याच घरचे आहे, आणि ते आपणच बसून उरकले पाहिजे.

मग भाषेचे काय? आमचे एक ज्येष्ठ वाचक नेहमी म्हणतात, "मराठी मराठी काय करता, तेलुगू शिका म्हणजे झाले." त्यांचे निम्मे म्हणणे आम्हाला मान्य आहे. आपले पूर्वज निजामाच्या राजवटीत कोर्टकचेरीत उर्दू लिहीत, वहीखाते मोडीत ठेवत आणि घरी मराठी बोलत. राजभाषा शिकल्याने त्यांची मराठी बाटली नाही. आज आपल्यातले अनेक जण फाडफाड तेलुगू बोलतात, पण वाचता येत नाही, ही शरमेची गोष्ट आहे. अक्षरअभ्यासासाठी तेलुगू आणि मराठी मुलूख दोन्हीकडून लोक आपली पोरे घेऊन ज्या गावात येतात, त्या गावच्या दुकानदाराने बाहेरच्या पाटीवरचे तेलुगू वाचू नये?

पण निम्मे म्हणणे मान्य नाही. आपण इथे पोट भरायला आलेले परके नाही. १९५६ पर्यंत आपला मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत रेघ ओढली गेली, मुधोळ, भैंसा, कुभीर इकडे आले, किनवट आणि राजुरा तिकडे गेले. आपण जागचे हललो नाही, रेघ हलली. जिल्ह्याचे नाव नांदेडचे आदिलाबाद झाले, २०१६ पासून निर्मल झाले, राज्याचे नाव दोनदा बदलले. माणसे तीच राहिली. अशा माणसांसाठीच त्याच वर्षी सातवी घटनादुरुस्ती झाली आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकाऱ्याची तरतूद आली. घटनेच्या ३५० व्या कलमानुसार कोणाही नागरिकाला आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्याकडे मांडता येते. १९५६ च्या केंद्राच्या निवेदनात असेही आहे की जिल्ह्यात किंवा त्याहून लहान भागात एखादी अल्पसंख्य भाषा बोलणारे १५ ते २० टक्के असतील तर तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्या भाषेतही काढावेत. 'त्याहून लहान भागात' हे शब्द ध्यानात ठेवा. जिल्हा धरला तर आपण थोडे दिसू, पण मंडल धरले तर चित्र पालटते. जिल्हे मंडले नव्याने आखली गेल्यावर हा हिशेब पुन्हा मांडायला हवा, आणि तो मांडायला लावणे हे आपल्या संघटनेचे काम आहे.

कागदावर सूचना लावायच्या त्या काळी हा नियम झाला. आता सूचना पडद्यावर येते. कागदावर मराठीचा हक्क होता आणि पडद्यावर नाही, असे कुठे लिहिले आहे? कोरा कागद निदान कुठलीही भाषा मुकाट्याने घेत असे. ऑनलाईन फॉर्मचा रकाना मराठी अक्षर टाकले की लाल होतो. घटनेने दिलेला अर्जाचा हक्क एका रकान्याने काढून घेतला, आणि त्याची चर्चा विधानसभेत झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. मते मागायला आपल्या ओसरीवर येऊन "नमस्कार, बरे आहात ना" असे मराठीत विचारणाऱ्या पुढाऱ्यांना हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. ते अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. शेतमालाच्या ई-नामच्या ॲपवर तेलुगूबरोबर मराठीही आहे. केंद्राच्या उमंग ॲपवर मराठी आहे. राज्यानेही २०१७ मध्ये उर्दूला सर्व जिल्ह्यांत दुसरी राजभाषा केले, ते योग्यच केले. म्हणजे मनात आणले तर एकापेक्षा जास्त भाषा चालतात.

तरीही आम्ही म्हणतो की केवळ पडदा मराठी केल्याने काम भागणार नाही. 'आंतरराज्य पुरवठा' आणि 'स्थायी परिसंपत्ती' असे मराठीत लिहिले म्हणून काय आपल्या कासाराला ते लगेच समजणार आहे? पोर्टलशेजारी माणूस हवा. धरणी पोर्टलवरून हा धडा राज्याने स्वतःच घेतला आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये जमिनीचे सगळे व्यवहार धरणीवर गेले. दुरुस्तीचे अधिकार खालच्या पातळीवर उरले नाहीत, आणि एका चुकलेल्या नोंदीसाठी शेतकरी वर्षानुवर्षे फिरत राहिला. शेवटी सरकार बदलले, एप्रिल २०२५ मध्ये धरणीच्या जागी भूभारती आणावी लागली, आणि महसूल सदस्सुलु भरवून अधिकाऱ्यांना गावोगाव टेबल मांडून अर्ज घ्यावे लागले. जमिनीसाठी टेबल मांडता येते तर धंद्यासाठी का नाही? आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी असला प्रकार होऊ नये म्हणून सांगतो, उद्योगखात्याचे मेळावे निर्मलच्या सभागृहात भरवून उपयोग नाही. ते भैंश्याच्या कापसाच्या बाजारात आणि बासरच्या देवळाच्या रस्त्यावर भरले पाहिजेत.

सरकार टेबल मांडीपर्यंत आपण काय करायचे? आपल्याच गावात २००८ पासून ट्रिपल आयटी उभी आहे. दहावीनंतर खेड्यापाड्यातून निवडून आलेली हुशार मुले तिथे संगणक शिकतात. आपल्या समाजातीलही काही मुले-मुली तिथे शिकून गेली, काही शिकत आहेत. आठवड्यातून एक दिवस दोन तास, संघटनेच्या खोलीत दोन संगणक, एक मराठी जाणणारा आणि एक तेलुगू लिहू शकणारा तरुण, एवढ्यावर काम सुरू होते. एकच अट घालावी. फोन दुकानदाराच्याच हातात राहील, ओटीपी तोच टाकील, ईमेल त्याच्याच नावाचा उघडला जाईल आणि पासवर्ड त्याच्याच वहीत लिहिला जाईल. मुलाने फक्त वाचून दाखवायचे आणि समजावून सांगायचे. नाही तर आपणच नवा एजंट तयार करू, फरक एवढाच की तो आपल्या जातीचा असेल!

काही जण विचारतील, यात राजकारण कुठे आले? सीमेपलीकडच्या धर्माबाद तालुक्यातील काही गावांनी २०१८ मध्ये तेलंगणात यायची मागणी केली, कारण इथल्या योजना बऱ्या दिसल्या. इकडचे काही जण अजून महाराष्ट्राकडे डोळे लावून बसलेले आहेत. रेघ पुन्हा हलेल अशी आशा धरून दोन पिढ्या गेल्या. आम्हाला वाटते, रेघेचा वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा. त्यांचे कारण खोटे नाही. पण तोवर आपली दुकाने चालली पाहिजेत. कर्ज आपल्या दाराशी आले पाहिजे आणि थकलेला पैसा वसूल झाला पाहिजे. ज्या समाजाची नोंदच संगणकात नाही, त्याची संख्या सरकारला दिसत नाही, आणि ज्याची संख्या दिसत नाही त्याच्या भाषेची सोय कोण करणार? म्हणून नोंदणी हीच आजची पहिली चळवळ आहे, असे आमचे मत आहे.

निर्मलच्या जिल्हाधिकारी कार्यालयात दर सोमवारी प्रजावाणीत गाऱ्हाणी ऐकली जातात. मुधोळ, भैंसा, बासर, कुभीर आणि तानूर या मंडलांत मराठीतून मदत करणारा माणूस मी-सेवा केंद्रात नेमावा, व्यापारी सूचनांची मराठी पत्रके लावावीत, आणि मंडलवार मराठी भाषकांची संख्या जाहीर करावी, असे निवेदन तयार होत आहे. निवेदन ३५० व्या कलमाचा हवाला देऊन मराठीतच लिहिले जाईल, सोबत तेलुगू भाषांतर जोडले जाईल. सही करायला येणाऱ्या बंधू-भगिनींनी आधार, पॅन आणि उद्यमचा कागद, असला तर, बरोबर आणावा. नावात फरक असेल तो त्याच दिवशी वहीत टिपून घेऊ. सुनांनी स्वतः यावे, त्यांचे कागद दुसऱ्याच्या हाती पाठवू नयेत.